सुरगाठ आणि निरगाठ

(शाळेच्या हीरक महोत्सवात विद्यार्थी व पालकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरात शिडाच्या नौकेविषयी बोलणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु याच शहरात अलसूरचा तलाव आहे, आणि मद्रास इंजिनीअर ग्रुपच्या आश्रयाने त्या तलावावर शिडाच्या छोट्या होड्या अनेक वर्षे चालत आल्या आहेत. तलावाचे पाणी शांत, काठ हाकेच्या अंतरावर. तेथे एखाद्या होडीची डोलकाठी कोसळली तर नवशिका भिजतो, सोबती हसतात आणि दुपारपर्यंत होडी पुन्हा सज्ज होते. तीच डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात कोसळली तर काय होते, हे २०१८ च्या सप्टेंबरात साऱ्या देशाने पाहिले. दोन्ही ठिकाणी डोलकाठीला उभे ठेवणाऱ्या वस्तू मात्र त्याच असतात: काही तारा, काही पिना आणि त्या पिना जागेवर राहाव्यात म्हणून केलेली एक अगदी किरकोळ दिसणारी तजवीज. आजचे विवेचन त्या तजविजीविषयी आहे.

शिडाच्या नौकेची डोलकाठी वाड्याच्या खांबाप्रमाणे जमिनीत पुरलेली नसते. ती नौकेवर टेकवलेली असते, आणि तिला उभे धरतात ते तणावे. जत्रेतल्या तंबूचा मधला वासा जसा चहूबाजूंच्या दोरांनी ताणून धरलेला असतो, तशीच ही रचना आहे. एक तणावा पुढे नौकेच्या नाळेकडे जातो, एक मागे वरामाकडे, आणि डाव्या-उजव्या अंगाला दोन-तीन जोड्या असतात. आज हे तणावे बहुधा पोलादी तारांचे असतात. एकोणीस तारा एकत्र पिळून केलेला, करंगळीहूनही बारीक, आठ मिलिमीटर जाडीचा असा एक तणावा तुटण्यापूर्वी सुमारे पाच टनांचा ताण सोसतो. त्याचे वरचे टोक डोलकाठीला आणि खालचे टोक नौकेच्या अंगात बसवलेल्या जाड पट्टीला जोडलेले असते. ही पट्टी म्हणजे चेनप्लेट. जोडणीसाठी तणाव्याच्या टोकाच्या भोकातून एक आडवी पिन घातलेली असते. तणावा कमी-जास्त ताणता यावा म्हणून मध्ये टर्नबकल असतो. त्याच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध आटे असतात, त्यामुळे तो एका दिशेला फिरवला की दोन्ही टोके जवळ येतात.

आता पाच टनांचा भार पेलणारी ती आडवी पिन भोकातून सरकून बाहेर का पडत नाही? तिच्या एका टोकाला डोके असते आणि दुसऱ्या टोकाला लहानसे छिद्र. त्या छिद्रातून दुपदरी तारेची एक बारीक पिन ओवून तिचे पाय फाकवलेले असतात. कारखान्यात तिला स्प्लिट पिन म्हणतात. काही रुपयांची ही वस्तू स्वतः कसलाही भार उचलत नाही. दुसरीने जागा सोडू नये, एवढीच तिची नेमणूक. ती गळून पडली तरी त्या क्षणी काहीच होत नाही, आणि हाच तिच्याविषयीचा खरा धोका आहे. तणावा ताणलेला असेतो आडवी पिन घर्षणानेच जागेवर राहते. नौका दुसऱ्या अंगावर कलली, तो तणावा सैल पडला, हलू लागला, की पिन केसाकेसाने सरकू लागते.

हे सैल पडणे समजून घेतले पाहिजे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचे तणावे तारस्वरात ताणलेले असतात आणि पलीकडचे ढिले पडून थरथरत असतात. नौकेने दिशा बदलली की पाळी बदलते. याशिवाय प्रत्येक लाटेगणिक एक हिसका बसतोच. दर दहा सेकंदांनी एक लाट धरली तर दिवसाला ८६४० हिसके होतात. अभिलाष टॉमी यांनी २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघून ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीस पाच महिने लागले. म्हणजे या हिशेबाने तेरा लाखांच्या आसपास हिसके. इतक्या हिसक्यांत कोणताही आटा आपण होऊन उलगडू पाहतो. माणसाच्या हाताचा जोर येथे उपयोगी नाही. नट कितीही घट्ट आवळा, तेरा लाख हिसके त्याच्याहून चिवट ठरतात. म्हणून नौकेवरील कोणताही जोड आवळून सुरक्षित होत नसतो, तो अडकवून सुरक्षित करावा लागतो.

अडकवण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि मराठी भाषेने त्यांना फार पूर्वी नावे दिली आहेत. एक निरगाठ आणि दुसरी सुरगाठ. निरगाठ ओढली की अधिकच आवळते. सुरगाठ आपल्या भाराने टिकते, पण मोकळे टोक ओढताच सुटते. पायजम्याच्या नाडीला घाईच्या वेळी निरगाठ बसल्याचा अनुभव येथील बहुतेकांना असेल. अधिक विस्ताराची गरज नाही. गोठ्यातले दावे खुंटीला बांधणारा शेतकरी आणि शीड गुंडाळून बांधणारा खलाशी या दोघांनाही सुरगाठच हवी असते, कारण आग लागल्यावर किंवा वादळ आल्यावर गाठीशी झटापट करायला वेळ नसतो. डोलकाठीच्या पिनांबाबतही हाच प्रश्न आहे, मात्र अधिक कठोर स्वरूपात: लाखो हिसक्यांनी सुटू नये, आणि मनुष्याने मनात आणताच मिनिटभरात सुटावे.

पहिला भाग सर्वांना पटतो. दुसऱ्या भागाकडे नवखा मनुष्य हटकून दुर्लक्ष करतो. त्याला वाटते, स्प्लिट पिनचे पाय जितके मागे मुरडू तितके सुरक्षित. मग तो पक्कड घेऊन ते पाय पूर्ण वळवून टाकतो, वर चिकटपट्टीचे दहा वेढे देतो आणि निश्चिंत होतो. अनुभवी कारागीर असे करीत नाही. तो पिन इतक्याच लांबीची घेतो की ओवल्यावर तिचे पाय थोडेसेच बाहेर उरावेत. ते पाय इंग्रजी व्ही अक्षराहूनही कमी, म्हणजे किंचितसे फाकवतो. कानशीने टोके बोथट करतो, कारण त्या टोकांनी शिडे फाटतात आणि पायांच्या पोटऱ्या सोलून निघतात. चिकटपट्टी लावतो ती टोकांपुरती. सगळा जोड गुंडाळून टाकला तर आत खारे पाणी कोंडते आणि मुख्य म्हणजे आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. दिसत नाही त्याची तपासणी होत नाही. आडवी पिन बसवताना शक्य तेथे तिचे डोके तो वरच्या बाजूला ठेवतो; कदाचित खालची बारीक पिन गळालीच, तर मोठी पिन स्वतःच्या वजनाने जागेवर राहावी.

ही शेवटची रीत ऐकून विमान कारखान्याशी संबंध आलेल्या पालकांना ओळखीचे काही सापडले असेल. विमानातील बोल्टचे डोकेही साधारणतः वर किंवा पुढे ठेवतात, कारण तेच. मुकुटासारख्या खाचा असलेल्या नटमधून स्प्लिट पिन ओवणे, एकदा वापरलेली पिन पुन्हा न वापरणे, दोन बोल्टांच्या डोक्यांतून पीळ दिलेली तार अशी ओवणे की एक सैल होऊ लागला तर त्याच्याच ओढीने दुसरा आवळला जावा, या साऱ्या रीती विमानाच्या आणि नौकेच्याही आहेत. बंगळुरात विमानाचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना काढणारा मनुष्य एकच होता, हा निव्वळ योगायोग म्हणावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सिंदिया कंपनीद्वारे १९१९ मध्ये भारतीय जहाजवाहतुकीचा पाया घातला, डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. ज्यांच्या घरी एचएएलमधून निवृत्त झालेले आजोबा असतील त्यांनी पीळ दिलेल्या तारेची ही गोष्ट त्यांना अवश्य विचारावी. ते तासभर बोलतील.

शिडाच्या नौकांची आपल्याकडील अलीकडची कथा मात्र गोव्यात घडली. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचे एक स्वप्न होते: भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहून त्यांनी या स्वप्नाचा पाठपुरावा केला. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिलीप दोंदे मुंबईहून निघाले. चार ठिकाणी थांबत, २०१० च्या मे महिन्यात ते परतले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे त्याच कारखान्यातील ‘तारिणी’तून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात तीच वाट पुरी केली. तारिणीची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे. आठ मजली इमारतीच्या गच्चीची उंची मनात आणावी. भर समुद्रात तिच्या माथ्यावरील पिना तपासायच्या तर खुर्चीवजा पट्ट्यात बसून दोराने वर जावे लागते, आणि खाली नौका एक हात कलली की वरचा मनुष्य कित्येक हात झोके खातो.

आता २०१८ च्या त्या सप्टेंबराकडे वळावे. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या सागवानी नौकेतून एकट्याने, न थांबता पृथ्वीला पहिली फेरी मारली होती. पन्नास वर्षांनी त्याच काळच्या साधनांनिशी तशीच शर्यत योजण्यात आली. अभिलाष टॉमी त्यात उतरले ते सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन. २१ सप्टेंबर रोजी, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैल दूर, वादळाने ही नौका उलथली. डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या मण्यांना इतकी जबर इजा झाली की त्यांना उभेही राहता येईना. नौदलाचे पी-८आय विमान मॉरिशसहून शोधास गेले, तेव्हा वैमानिकांना नौका दिसली आणि तिच्या अंगाला लोंबकळणारी मोडकी डोलकाठीही दिसली. तीन दिवस टॉमी केबिनमध्ये पडून होते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलले.

कोणतीही पिन कितीही शिस्तीने बसवली असती तरी त्या लाटेपुढे डोलकाठी टिकली असती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नौका पूर्ण उलथते तेव्हा अखंड डोलकाठीही मोडते. त्या शर्यतीत निघालेल्या अठरांपैकी पाच जणांच्या डोलकाठ्या गेल्या आणि पाचच जण शर्यत पुरी करू शकले. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या. तरीही त्यांनी उरल्यासुरल्या सामानातून कामचलाऊ शीड उभारले आणि जखमी टॉमींच्या दिशेने नौका वळवली.

परंतु मोडकी डोलकाठी नौकेच्या अंगाला लोंबकळत राहणे हे दृश्य नीट डोळ्यांपुढे आणावे. डोलकाठी मोडते तेव्हा तणावे तुटतातच असे नाही. अनेक तणावे शाबूत राहतात आणि मोडलेला धातूचा वासा नौकेला बांधून ठेवतात. प्रत्येक लाटेबरोबर तो वासा नौकेच्या कुशीवर घणासारखा आदळतो. जे आत्तापर्यंत रक्षण करीत होते तेच आता नौकेला भोक पाडू पाहते. अशा वेळी खलाशाजवळ थोडी मिनिटे असतात. रात्र असते, हात गारठलेले असतात, कदाचित एखादा हात मोडलेला असतो. त्याने पक्कड घेऊन स्प्लिट पिनचे पाय सरळ करायचे, हातोडीने आडवी पिन ठोकून काढायची आणि तो सगळा पसारा समुद्राला अर्पण करायचा. पाय पूर्ण मुरडलेले असतील, वर दहा वेढे असतील, तर हे होत नाही. निश्चिंत होण्यासाठी बंदरात मारलेली निरगाठ तेथे त्याच्या गळ्याला बसते. म्हणूनच लांबच्या सफरीवर जाणाऱ्या नौकेत पक्कड, हातोडी, ठोकायचा पंच, तारकाप आणि करवतीची पाती यांची जागा ठरलेली असते. ती अंधारात चाचपून सापडली पाहिजेत.

निरगाठ दर वेळी माणूसच मारतो असेही नाही. कधी ती निसर्ग मारतो. डोलकाठी बहुधा अॅल्युमिनियमची, तिच्यातील स्क्रू स्टेनलेस पोलादाचे आणि वर खारे पाणी. दोन भिन्न धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत घट. येथे तो कोणी मागितलेला नसतो, पण चालू होतो, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचते, आटे एकजीव होतात, आणि मग तो स्क्रू काढायला जावे तर डोके तुटून हातात येते. बसवताना दोन धातूंच्या मध्ये योग्य ते मलम लावणे हाच यावर उपाय, आणि तो बसवतानाच करायचा असतो. स्टेनलेस हे नावही थोडे फसवे आहे. या पोलादाचे रक्षण त्याच्या पृष्ठभागावरील एक अतिसूक्ष्म थर करतो, आणि तो थर टिकण्यास प्राणवायू लागतो. चेनप्लेट जेथे नौकेच्या पृष्ठभागातून आत शिरते त्या फटीत ओल असते, प्राणवायू नसतो. बाहेरून चकचकीत दिसणारी पट्टी तेथे आतल्या आत कुरतडली जाते. बाहेर फक्त तपकिरी रंगाचा एक ओघळ दिसतो. तो पुसून काढणारा खलाशी आणि तो पाहून पट्टी उपसणारा खलाशी यांत फार अंतर आहे.

येथे एक विषयांतर केले तर श्रोते क्षमा करतील. पोलादी तारा आणि टर्नबकल यांच्या जागी अलीकडे पुष्कळ नौकांवर कृत्रिम धाग्यांचे दोर आणि दोरांच्याच बांधण्या परत येऊ लागल्या आहेत. कडीतून दोर पाच-सहा वेळा ओवायचा, ओढून घ्यायचा आणि वेढे देऊन बांधायचा. ही बांधणी आपोआप उलगडत नाही, गंजत नाही आणि प्रसंगी चाकूच्या एका फटक्यात सुटते. तिचा वैरी म्हणजे घर्षण. कडीची धार गुळगुळीत नसेल तर ती दोर कापते, आणि उन्हानेही धागा क्षीण होतो. म्हणजे खलाशी पुन्हा आपल्या पणजोबांच्या विद्येकडे वळला. दांडेकरांच्याच देखरेखीखाली गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ जहाज तर याहून मागे गेले. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून ते उभे केले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात आले. शिवण लाटेबरोबर थोडी लवते आणि झिजली तर उसवून पुन्हा घालता येते.

त्या २०१८ च्या शर्यतीचा शेवट सांगायचा राहिला. आघाडीवर होते फ्रान्सचे ज्याँ-ल्यूक व्हॅन डेन हीड. नोव्हेंबरात दक्षिण पॅसिफिकमध्ये त्यांची नौका लाटेने आडवी केली. डोलकाठी वाचली, पण खालच्या तणाव्यांना डोलकाठीशी जोडणारा बोल्ट तिच्या भिंतीत काही सेंटिमीटर फाडत खाली सरकला आणि तणावे ढिले पडले. शर्यत सोडून चिलीच्या किनाऱ्याला जाण्याचा विचार त्यांनी केला होता. मग डोलकाठीवर पुनःपुन्हा चढून त्यांनी तो जोड बांधून काढला, शिडे कमी ठेवली, आणि २९ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते पहिले आले. टॉमी यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा चालायला शिकले. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.

अलसूरच्या काठावर एखाद्या सकाळी शिडाच्या होड्या पाण्यात उतरताना दिसल्या, तर विद्यार्थ्यांनी क्षणभर शिडांवरची नजर काढून खाली, तणावा जेथे होडीच्या अंगाला मिळतो तेथे पाहावे. लहान होडीत तेथे स्प्लिट पिनऐवजी किल्लीच्या कडीसारखी एक गोल रिंग असते. ती बोटांनी काढता-घालता येते, म्हणून सोयीची, आणि जाता-येता एखादा दोर अडकून उपसली जाते, म्हणून घातकी. तिच्यावर चिकटपट्टीचा एकच वेढा दिसेल, आणि त्या पट्टीचे टोक स्वतःवरच दुमडलेले असेल. ओल्या बोटांना ते चटकन पकडता यावे म्हणून.